गॅलरीत माणसे किती धरायची

‘आधुनिक अभियंत्यांसाठी गणिताचे महत्त्व’ या विषयावरील परिसंवाद नव्या सभागृहात भरवावा, असे बांधकाम खात्याने एकमताने ठरवले. सभागृह खात्यानेच बांधले होते. पडदे लागले, खुर्च्या लागल्या, गॅलरीच्या दाखल्यावर सही तेवढी राहिली. ती कनिष्ठ अभियंता बाईंनी करायची होती.

बाईंना एक वाईट खोड होती. सही करण्याआधी त्या गणित करून पाहत. गॅलरी साठ माणसांची निघाली आणि खुर्च्या होत्या दोनशे.

खात्यात कोणतेही गणित पहिल्यापासून करण्याची पद्धत नाही. जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचे, झाले. गॅलरीची फाइल बसथांब्याच्या छपरावरून घेतली होती. छपरावर कोणी बसत नाही, म्हणून माणसांचा रकाना कोरा होता. संगणकाने कोऱ्याचे शून्य धरले आणि गॅलरी सुरक्षित असल्याचे कळवले. त्यात त्याचे काही चुकले नाही. रिकामी गॅलरी खरोखरच सुरक्षित होती.

मुख्य अभियंत्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“हे साठ आले कुठून?”

“हाताने गणित केलं, साहेब.”

“हाताने?” साहेबांचा चेहरा पडला. “अहो मॅडम, आधुनिक अभियंत्याला हे शोभतं का?”

मग समिती बसली. मजबुतीत थोडी जास्तीची सोय ठेवतात ती आपल्या चुकांसाठीच, तेव्हा चूक दुरुस्त केल्यास ती सोय फुकट जाईल, असे एका सदस्याने निदर्शनास आणले. दुसऱ्याने साठ आणि दोनशे ही दोन्ही मते आदरणीय मानून सरासरी काढली. एकशे तीस हा आकडा मतदानाने मंजूर झाला. खुर्च्या काढायला नवी निविदा लागली असती, म्हणून त्या तशाच ठेवल्या आणि गॅलरीत अलगद बसावे, अशी पाटी लावली. बाईंनी सही नाकारली तेव्हा संगणकाची छापील सही चालवून घेतली.

बाईंना घोर लागला तो वेगळ्याच कारणाने. लेकीच्या गॅलरीत बसायचे म्हणून बाबांनी पहिल्या रांगेचा पास मिळवला होता आणि नवा शर्टही शिवला होता. घरी त्या परोपरीने सांगून थकल्या. बाबांना तो लेकीचा विनय वाटला.

परिसंवादाच्या दिवशी खात्यातले सगळे अभियंते खाली बसले, तेही गॅलरीखालची जागा सोडून. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला उंचीवर चक्कर येत होती. वर मात्र खुर्ची रिकामी नव्हती. गणित हा अभियंत्याचा प्राण आहे, असे साहेब व्यासपीठावरून सांगत असतानाच बाई जिना चढून गेल्या.

“ही गॅलरी फक्त साठ जणांची आहे,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “बाकीच्यांनी कृपा करून खाली उतरा.”

कोणीही वाद घातला नाही. लोकांनी माना डोलावल्या. बाईंचे गणित प्रथमच सर्वांना मान्य झाले होते, आणि जागचे कोणी हलले नाही. बाबा पहिल्या रांगेतून मागे वळले.

“ऐकलंत ना? उतरा की खाली.”

मागच्यांनी त्यांच्या मागच्यांकडे पाहिले. शेवटच्या रांगेने भिंतीकडे पाहिले. तेवढ्यात पायाखाली काहीतरी बारीकसे कुरकुरले, आणि लोक भाषण नीट ऐकू यावे म्हणून पुढे सरकले.

तुम्हाला या लोकांचे हसू आले असेल. मग आता सांगा, बाईंनी साठ म्हटल्यावर तुम्ही स्वतःला कितवे धरले होते?