किल्ला मोजावा की न मोजावा, याविषयी हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याच्या पोटाचे माप आजवर कोणी घेतले नाही, त्यास आधी दंडवत आणि मग वर्तमान. शके सत्राशे, विलंबी नाम संवत्सरी टोपीकरांचा वकील हापकिनसाहेब राज्यात दाखल जाहला आणि खलिता दिला, की आम्हांस काही किल्ले द्यावे. किती, ते लिहिले नाही. राज्यात किल्ले अवघे पाच. महाराजांस चिंता पडली आणि त्यांनी दुभाषी गिरमाजी यशवंत यास हुजूर बोलाविले. गिरमाजी भला माणूस, परंतु घाबरला म्हणजे व्याकरण सांगत सुटे. तो म्हणाला, "महाराज, टोपीकरांच्या बोलीत वस्तूंच्या जाती दोन, एक मोजायची आणि एक न मोजायची. लाडू मोजतात, तूप मोजीत नाहीत. खुर्ची मोजतात, घरचे सामान मोजीत नाहीत. मसलतही मोजीत नाहीत, ती नुसती थोडी किंवा पुष्कळ." महाराज म्हणाले, "सुखी लोक. आमचे प्रधान आठ आणि मसलती नऊ. बरे, किल्ला कोणत्या जातीचा?" गिरमाजी म्हणाला, "मोजायच्या." तेव्हा महाराज संतापले आणि बोलिले, "मोजता येतो म्हणून तर मागतो. आजपासून किल्ला तुपाच्या जातीत घाला. आणि एक जरी गेला तरी तुझा कडेलोट."

मग दवंडी पिटली, की कोणी एक किल्ला, दोन किल्ले म्हणू नये, वाटीभर किल्ला, घागरभर किल्ला म्हणावे. आणि किल्लेदारांची पत्रे येऊ लागली, की अदपाव किल्ला शाबूत आहे, चिमूटभर बुरूज तेवढा ढासळला. गिरमाजीस अन्न गोड लागेना. मग बाईसाहेबांनी त्यास बोलावून सांगितले, "पंत, व्याकरण राहू द्या. वकिलाला जेवायला बोलवा. आग्रह आमच्याकडे लागला."

मग पंगत बसली आणि श्रीखंड आले. वकील मोडकी मराठी जाणत होते, ते पुस्तकात पढल्याप्रमाणे "थोडे" म्हणाले आणि वाढप्याने ओगराळे रिते केले. साहेब "पुरे" म्हणाले. पुरे म्हणणारा पाहुणा लाजत असतो ऐसी या राज्याची समजूत, म्हणोन दुसरे ओगराळे आले. मग जिलब्या आल्या. त्या मोजता येतात म्हणोन साहेबांनी मोठ्या आशेने एक बोट दाखविले, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "एक कशी? ही माझ्या हातची म्हणून, ही महाराजांच्या नावाची, आणि ही तुमच्या मातोश्रींची." मातोश्रींचे नाव निघताच साहेबांस गहिवर आला आणि त्यांनी तीनही खाल्ल्या. मग ते हळूच गिरमाजीस म्हणाले, "पंत, तुमच्यात थांबवायचा शब्द कोणता?" गिरमाजीस त्यांची मनापासून दया आली. तो म्हणाला, "तसा शब्द नाही, साहेब. पानावर आडवे पडतात." साहेब आडवे पडले. वाढप्याने बगलेखालून मठ्ठा वाढला.

तेव्हा महाराज स्वतः उठले, ओगराळे हाती घेतले आणि मायेने पुसते जाहले, "वकीलसाहेब, आता किल्ले किती वाढू?" साहेबांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि म्हणाले, "एकही नको." अवघ्या पंगतीस कळले होते, तरी गिरमाजीने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले आणि उपरण्याने डोळे पुसले.

येणेप्रमाणे किल्ले राहिले, दुभाषी राहिला आणि वकील पालखीत घालून सीमेपार पोहोचविले. या राज्यात पंगती उदंड उठल्या, परंतु पाहुणा नको म्हणाला आणि यजमानाने ते ऐकले, ऐसे एवढे एकदाच घडले.