असोद्याला कंपनी बघायला गेलो

नोकरी कशी पारखावी हे मला कुणी शिकवायचं नाही! शिक्षण सातवी, पण जळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये अकरा वर्षं कारकुनी करून मालक हा प्राणी मी आतून-बाहेरून बघितलाय. आमचे तोतारामशेठ नवाच्या ठोक्याला हजेरीचं रजिस्टर पुढ्यात ओढत आणि एक मिनिट उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ मारत. तीन रेघा झाल्या की एक दिवस बुडाला. माझं पान लांबून बघितलं तर मिरच्या वाळत घातल्यासारखं दिसे. माणूस तरी हा, की मिरचीचं खळं?

ब्याण्णव साली असोद्याच्या अभिमनने मला नोकरी देऊ केली. एस.टी.त ओळख झालेला, डिप्लोमा केलेला पोरगा. भरीत डब्यात बंद करून मुंबई-पुण्याला विकायची कंपनी काढत होता. कंपनीत तो, डबे बंद करायचं मशीन आणि वांगी भाजणारी त्याची आई, भिकुबाई. चौथा मी. पगार दोनशेने कमी, पण कंपनीत दोन टक्के हिस्सा.

दोन टक्के म्हणजे दोन वांगी का, असं बायकोने विचारलं. मी तिला सांगितलं, हा लोटन असा तसा फसणाऱ्यांतला नाही. आधी पूर्ण चौकशी, मग राजीनामा. राजीनामा तर अकरा वर्षं खिशातच होता, धोब्याकडे तीनदा धुऊन आलेला.

अभिमन डबे आणायला मुंबईला गेला तो दिवस मुद्दाम साधला. शेठच्या कानावर जायला नको म्हणून कंपनीचं नाव काढलं नाही. असोद्याच्या पिठाच्या गिरणीत बसून नुसतं विचारलं, अभिमन मुलगा कसा आहे? शेती किती, घर कुणाच्या नावावर, पितो का, पत्ते खेळतो का, चिडला तर हात उगारतो का? सगळं वहीत टिपत गेलो.

गिरणीवाल्याने जातं बंद केलं. "पोरगं सोनं हाये भाऊ. सुपारीचं खांडबी तोंडात टाकत नही."

मग माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला. न्हाव्याकडे गेलो तर त्याने फुकट दाढी केली. कुणीतरी घरी नेऊन पोहे खाऊ घातले. मी मनात म्हटलं, नोकरी करणाऱ्या माणसाची एवढी कदर असलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल! जाताना गिरणीवाल्याने नाव आणि कुठे कामाला ते विचारलं. मी छाती काढून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला भिकुबाई दोन दिरांना घेऊन जिनिंगमध्ये हजर! थेट शेठसमोर बसून विचारू लागल्या, तुमचे लोटनभाऊ माणूस कसे? घराणं कसं? आणि त्यांची पोरगी किती शिकली?

शेठने मला हाक मारली. मला दोनच मुलगे, थोरला तिसरीत. डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलगा कसा आहे असं परगावच्या माणसाने वही घेऊन विचारलं की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो!

दीर बाह्या वर करू लागले. "पोरगी नही त मंग पोहे कायचे खाल्ले?"

लपवायचं काही उरलंच नव्हतं. मी टेबलावर मूठ आपटली.

"मी यांच्या अभिमनची कंपनी बघायला गेलो होतो, वहीत सगळं त्यासाठीच टिपलं. तुमच्या लाल रेघांना कंटाळलोय, शेठ. हा राजीनामा."

तीनदा धुतलेल्या त्या कागदाचे टेबलावर पडताच चार तुकडे झाले. शेठने त्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाले, "वही आण."

चष्मा लावून त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. सोळा एकर, विहीर, व्यसन नाही, कुणाला अरे-तुरे करत नाही. आता सांगतो, शेठ आपल्या लेकीसाठी, प्रमिलासाठी, चार वर्षं स्थळं बघत होते आणि प्रत्येकात खोट काढत होते. वही मिटून त्यांनी चहा मागवला, स्वतःच्या पैशाने. अकरा वर्षांत पहिल्यांदा! मला वाटलं, निरोपाचा आहे. कप भिकुबाईपुढे गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अभिमन-प्रमिलाचं लग्न झालं. त्याच आठवड्यात कंपनी सुरू झाली, निम्मं भांडवल सासऱ्याचं. पहिल्या दिवशी मी ऐटीत नऊ वाजून दोन मिनिटांनी गेलो, तर खुर्चीत तोतारामशेठ, पुढ्यात नवं कोरं रजिस्टर. जावयाचं सगळं विचारलं होतं मी. त्याचा सासरा कोण होणार, तेवढं राहिलं!

पण मी आता दबणारा नव्हतो. दोन टक्क्यांचा मालक होतो. हिशेब सरळ आहे, पन्नास रेघांतली एक मारायचा हक्क माझा. एकोणपन्नास रेघा निमूट खाल्ल्या. पन्नासाव्या वेळी शेठच सव्वानऊला आले. मी लाल पेन उचललं आणि त्यांच्या डोळ्यादेखत अशी रेघ ओढली की कागद फाटला.

शेठने रजिस्टर शांतपणे आपल्याकडे वळवलं.

"यात माझं नाव नाही, लोटन. ही तुझ्याच नावापुढे लागलीय."