भारीतला हलका

आलापल्लीच्या घरी मुश्ताक पालथा पडला होता आणि जरीना त्याची कंबर शेकत होती. एटापल्लीच्या एका हळदीत कीबोर्डची लाकडी पेटी उचलताना त्याला उसण भरली आणि सगळा कार्यक्रम त्याने वाकूनच वाजवला. नवरीच्या आत्याला वाटलं, कलाकार आपल्यालाच नमस्कार करतोय. तिने शेवटपर्यंत आशीर्वाद दिले, पण कंबरेला काही गुण आला नाही.

"आता हलका कीबोर्ड घ्या," जरीना म्हणाली. "नाई तं मलेच तुमाले उचलून न्या लागन."

मुश्ताक चंद्रपूरला गेला आणि दुकानात म्हणाला, "हलका कीबोर्ड दाखवा."

दुकानदाराचा चेहरा पडला. "हलका माल आमी ठेवत नाई."

"तसा हलका नाई. भारीतला हलका."

"भाऊ, भारी का हलका, एक काई तरी सांगा."

बऱ्याच वेळाने उलगडा झाला. जुना कीबोर्ड बदल्यात देऊन मुश्ताकने नवा खांद्याला अडकवला. आलापल्लीत उतरल्यावर घर जवळ असूनही तो मुद्दाम सगळ्या बाजारातून फिरून आला.

हे प्रफुल्लने पाहिलं. प्रफुल्ल मुश्ताकच्या ऑर्केस्ट्रात गायचा, पण त्याचा आवाज माइकवर जेवढा पोचत नसे तेवढा माइकशिवाय पोचायचा. मुश्ताकभाऊंनी हलका बाजा घेतल्याची बातमी त्याने अहेरीपर्यंत नेली, आणि लगेच तिथल्या धनराजभाऊंचा फोन आला.

धनराजभाऊंच्या मुलीच्या हळदीची सुपारी मुश्ताककडे होती. अहेरीत मोसमातली पहिली हळद त्यांच्याच घरची. तिथे जो वाजवतो त्यालाच मग सगळे बोलावतात. बाकीच्यांनी घरी बसून रियाज करावा.

"काऊन मुश्ताकभाऊ, माह्या पोरीच्या हळदीले हलका बाजा? व्याही नागपूरचा आहे."

"वजनानं हलका आहे, भाऊ."

"तेच म्हणून राह्यलो मी. वजन नाई त्यात. थो जुनाच आणा, नाई तं सुपारी वापस करा."

जुना तर चंद्रपुरात राहिला होता. घरात उरली होती त्याची रिकामी पेटी. मुश्ताक तिच्याकडे बघत बसला. जरीना मात्र स्वयंपाकघरात गेली आणि मसाला वाटायचा दगडी पाटा ओढत घेऊन आली. तिने तो जुन्या चादरीत गुंडाळला.

"हा खालतं ठेवा, वरतं तुमचा कीबोर्ड. पण तुमी पेटीले हात लावू नोका."

हळदीच्या दुपारी धनराजभाऊंच्या दोन भाच्यांनी जीपमधून पेटी उतरवली. दोघंही लालबुंद झाले, तशी धनराजभाऊंची कळी खुलली.

"याले म्हणते बाजा," ते व्याह्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

हळद होती गच्चीवर. जिन्यात भाचे अडखळले. व्याही बघत होते, म्हणून धनराजभाऊंनी स्वतःच पेटीचा कोपरा धरला.

"राहू द्या, भाऊ," मुश्ताक अगदी मनापासून म्हणाला.

"तुमी चाला वर. आमी काय म्हातारे झालो?"

शेवटच्या पायरीवर 'कट' असा आवाज झाला. पेटी शाबूत होती.

पेटीतून कीबोर्ड बाहेर निघाला तेव्हा एक भाचा घाम पुसत म्हणाला, "एवढुसाच?"

"बाकीची मशीन खालतं आहे," मुश्ताकने पेटीवर थाप मारून सांगितलं.

कीबोर्ड मात्र सुरेख वाजला. मुश्ताक ताठ उभा होता. कित्येक दिवसांनी त्याला नवरीच्या पायांऐवजी तिचा चेहरा दिसला आणि त्याला फार बरं वाटलं. धनराजभाऊ मात्र वाकून बसले होते. मुलीचा बाप किती नम्र आहे, असं वाटून समोरचे व्याहीही दर वेळी उठून वाकत होते. शेवटी शेवटी त्यांनीही कंबरेवर हात ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर धनराजभाऊंनी मुश्ताकला खुणेने जवळ बोलावलं.

"लय मस्त वाजवलं. लहान्या पोरीची हळद बी तुमचीच. पण प्रफुल्ल म्हणे ना तुमी हलका घेतला, तवा थो आणजा."

"हलका, भाऊ? तुमच्या पोरीच्या हळदीले?"

"वजनानं हलका म्हणून राह्यलो," धनराजभाऊ कळवळून म्हणाले. "एवढं बी समजत नाई काय?"

मुश्ताक आणतो म्हणाला. मग दोघांचीही नजर पेटीकडे गेली. ती अजून खाली न्यायची होती.