मोरोपंतांचं थंड घर

उन्हाळा लागला की अकोल्याची माणसं आभाळाकडे बघून सुस्कारे टाकत. मोरोपंत बायकोच्या ट्रंकेकडे बघून टाकत. ट्रंक माळ्यावरून खाली आली, की कुंदाताई अमरावतीला माहेरी जाणार आणि पाऊस पडेपर्यंत पंत स्वतःच्या हातचं पिठलं खाणार, हे ठरलेलं. (ते पिठलं त्यांनी एकदा मांजरीला घातलं होतं. मांजरीनं बिऱ्हाड बदललं.)

त्या वर्षीही ट्रंक खाली आली आणि पंत काकुळतीला आले.

"कुंदा, यंदा राह्य ना इथंच."

"या भट्टीत? तुमी बांधकाम खात्यातले ओव्हरसियर. दिवसभर लोकायच्या इमारती तपासता, शेरे मारता. आपल्या घरात नुसता ठेवलेला पापड भाजून निघते, ते नाही दिसत तुमाले?"

हे पंतांना फारच लागलं. त्यांनी हपिसातलं थर्मामीटर मागून आणलं आणि बैठकीत टांगलं. पारा एकशेआठवर! (आधी त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.) मग मात्र ते कंबर कसून कामाला लागले. पश्चिमेच्या भिंतीला पांढराशुभ्र चुना फासला. टिनाच्या छपरावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाड थर रचला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि शेजारच्या पंजाबरावांच्या विहिरीचं पाणी ओढून ते भिजवत बसले. हाताला फोड आले, छपरावरून उतरताना धोतर फाटलं, ते गल्लीनं पाहिलं. पण रविवारी भर दुपारी पारा नव्वदावर आला.

कुंदाताईंनी गार फरशीवर पाय पसरले. "मी काई जात नाही यंदा," त्या म्हणाल्या आणि पंतांनी ट्रंक स्वतः माळ्यावर चढवली. इतकं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

इथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात सरकारी कामानं अमरावतीला जाणं झालं, आणि सासुरवाडीला जेवताना पंतांची जीभ सैल सुटली. छपराचं सांगितलं, वाळ्याचं सांगितलं, पारा कसा घसरला ते तर दोनदा सांगितलं. सासूबाई, माणिकबाई, पदरानं वारा घेत ऐकत होत्या.

"एकदा येऊन तर बघा!" पंत म्हणाले.

त्या आल्या. सोबत मामंजी, दोन मेव्हण्या, त्यांची लेकरं आणि शेवयांचा पाटही आला. यंदाची सगळी वाळवणं थंड घरात बसूनच करायची, असं ठरवूनच मंडळी निघाली होती. पहाटेपासून चूल पेटलेली, कुरडयांचा चीक रटरटतोय, वाळ्याच्या पडद्यांआड लेकरं लपंडाव खेळताहेत. मामंजींनी पंतांची खाट धरली. पंतांनी दमून थर्मामीटर पाहिलं, तर पारा पुन्हा एकशेआठवर.

"सासूबाई, घर तापलंय हो."

"तुमचं यंत्र बिघडलं असंन, जावईबापू," माणिकबाई घाम पुसत म्हणाल्या. "आमाले तं लय गार वाटून राह्यलं."

त्या दिवसापासून पंत बाहेर ओट्यावर झोपू लागले. ओट्यावर मुंग्या होत्या. घरात जागा नव्हती. पंतांना रडू यायचं, पण घामात ते कुणाला दिसायचं नाही.

एके सकाळी मामंजींना काळजी लागली. "अमरावतीचं घर बंद हाय. चोऱ्या होऊन राहिल्या म्हणतात."

सगळ्यांनी एकदम पंतांकडे पाहिलं.

"तुमी जा ना," कुंदाताई लाडानं म्हणाल्या. "तुमची रजा शिल्लक आहे. अन् इथं तुमाले झोप तरी कुठं लागते?" आणि त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली.

सासऱ्यांच्या बंद घराचं टिन तापून लाल व्हायचं बाकी होतं. पंतांनी ट्रंक ठेवली, चूल पेटवली आणि पिठलं लावलं. ते खाली लागलं. धुराबरोबर ते खोकत अंगणात आले, तेव्हा शेजारच्या दुर्गाबाई कुंपणावरून डोकावल्या.

"काहून जी जावईबापू," त्यांनी मायेनं विचारलं, "यंदा माहेरपणाले तुमी आले काय?"