आप्पासाहेबांना जिना चालत नाही

मी अडचणीचं सोनं करणारा माणूस आहे. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सहकार खात्यात तेहतीस वर्षं अधीक्षक होतो. निवृत्तीनंतर अडचणी कमी येतात, पण जी येते तिच्याकडे मी पूर्ण लक्ष देतो.

या वेळी वाळवी आली. स्वयंपाकघराच्या चौकटीतून निघून ती थेट माळ्यापर्यंत पोचली होती. औषध मारणारा माणूस भिंतीला कान लावून म्हणाला, "काका, शुक्रवारी भोकं पाडून औषध सोडतो. दोन दिवस घरात कुणी राहायचं नाही. जनावरं तर अजिबात नाही!"

"उत्तम!" मी म्हणालो. "आपण दोन दिवस सहलीला जाऊ!"

पद्मजाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आप्पासाहेबांचं काय?"

आता आप्पासाहेब कोण ते सांगितलं पाहिजे. आप्पासाहेब हा आमचा कुत्रा. 'हा' म्हणालो ते तुमच्यापुरतं, घरात मला तशी परवानगी नाही. ते पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात नऊ वर्षं होते. निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना घरी आणलं. खात्यातलं नाव होतं अपाची. पद्मजाने त्याचं आठवड्यात आप्पा केलं आणि दुसऱ्या आठवड्यात साहेब जोडलं. "सरकारी नोकरीत होते ते. त्यांना अरे-तुरे करायचं नाही," असा हुकूम निघाला. मीही सरकारी नोकरीत होतो, पण तो विषय निघाला नाही.

शिवाय नम्रता. ती मांजर. तिचं नाव शेजारच्या अवनीने स्वभाव न बघता ठेवलं.

नम्रता कुठेही राहते. आप्पासाहेबांचं तसं नाही. मागचे पाय गेलेत, जिना चढवत नाही. मागे एकदा त्यांना प्राण्यांच्या पाळणाघरात ठेवलं, तर तीन दिवस त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून पद्मजाने एकच सांगून ठेवलंय, "ते नाहीत तिथे मी नाही."

चार ठिकाणी फोन केले. चारही ठिकाणी कुत्रं म्हटल्यावर नकार! पाचवी जाहिरात कात्रजचा घाट उतरून पलीकडे असलेल्या एका शेतघराची होती. तिच्यातही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाळीव प्राणी आणू नयेत.' नंबर लावल्यावर ते दिसलं म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात पद्मजाने तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. चष्मा तिच्या डोक्यावर होता, त्यामुळे बारीक अक्षर तिने पाहिलंच नाही.

"आम्ही चौघं येतोय," ती म्हणाली. "मी, आमचे हे, आप्पासाहेब आणि नम्रता."

"या की!" पलीकडून मालक म्हणाले. त्यांचं नाव उत्तरेश्वर. "आप्पासाहेब वयस्कर हायत का?"

"हो ना! त्यांना जिना चालत नाही. दातही राहिले नाहीत. मऊ भात लागेल."

"काय काळजी करू नका, खालची खोली देतो. नोकरीला कुठं होते?"

"पोलिसांत! बॉम्बशोधक पथकात."

"आई शप्पथ!" उत्तरेश्वर म्हणाले. "आन् नम्रताताई?"

"ती रुसकी आहे जरा. मासे असतील तर खूश!"

यातला एक शब्दही खोटा नव्हता. घोळ माझ्या लक्षात आला होता, आणि तरीही मी गप्प बसलो. अधीक्षक असताना अनेक फायलींवर मी असाच गप्प बसलेलो आहे, पण ते वेगळं.

शुक्रवारी सकाळी औषधवाला भिंतीला भोकं पाडत असताना उत्तरेश्वरांचा पुन्हा फोन आला. या वेळी मी उचलला.

"साहेब, एक सांगायचं होतं. आमचे तात्या, म्हंजे माझे वडील, हवालदार होते. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं झाली, खोलीबाहेर येत न्हाईत. कुणाशी धड बोलत न्हाईत. पण खात्यातलं माणूस येतंय म्हटल्यावर आज सकाळी आपणहून दाढी केली! टोपी शोधायला लावली. म्हटलं, आप्पासाहेबांचा छोटा सत्कारच करू."

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून औषधवाला ओरडला, "काका, निघा आता! औषध सोडलंय!"

घाट उतरताना मी पद्मजाला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही गं, तू खरंच बोललीस! तोच तर घोळ आहे!"

"आणि तुम्ही ऐकत बसलात?"

"हो."

"एक म्हातारा माणूस दाढी करून बसलाय," ती म्हणाली. मला फार लाज वाटली. मागच्या सीटवर आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत होते. नम्रता टोपलीतून शिव्या दिल्यासारखी ओरडत होती.

अंगणात सतरंजी होती. एक खुर्ची, तिच्यावर गादी. टेबलावर शाल, नारळ, हार. गावातली चार माणसं पांढरे कपडे घालून बसलेली. आणि पुढे, काठीवर दोन्ही हात ठेवून, तात्या. शर्ट जुना पण कडक इस्त्रीचा. डोक्यावर खाकी टोपी.

"आप्पासाहेब कुठं हायत?" उत्तरेश्वर धावत आले.

मी मागचं दार उघडलं. आप्पासाहेब उतरले. आधी पुढचे पाय, मग थांबून, पद्मजाने पोटाखाली हात दिल्यावर, मागचे. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"अहो, हे कुत्रं हाय!" उत्तरेश्वर ओरडले.

"आप्पासाहेब आहेत," पद्मजा म्हणाली. "चूक आमची आहे. आम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता निघतो."

निघून जाणार कुठे होतो! घर औषधाने भरलेलं, आणि आप्पासाहेबांचे पाय तेवढ्या प्रवासानेच थरथरत होते. मी काहीतरी माफीचं बोलू लागलो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे तात्यांकडे बघत होते.

"किती वर्षं सर्व्हिस?" तात्यांनी विचारलं.

"नऊ," पद्मजा म्हणाली.

तात्या काठीवर जोर देऊन उठले. उत्तरेश्वर धरायला गेले, तर त्यांनी हात झटकला. टोपी नीट केली आणि आप्पासाहेबांना सॅल्यूट ठोकला!

"बंदोबस्ताला हे पहिले आत जायचे," ते गावकऱ्यांना म्हणाले. "ह्यांनी हुंगून व्हय म्हटलं की मग आम्ही. सगळ्यात शेवटी मोठे साहेब. आरं, आमच्यापेक्षा शीनियर हायत हे! शाल आण!"

शाल घातली गेली. हार मात्र आप्पासाहेबांनी आधी नीट हुंगून तपासला, मगच मान पुढे केली. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजा पदराने डोळे पुसत होती, आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गादीच्या खुर्चीवर तोवर नम्रता जाऊन बसली होती. तिला उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

तात्या दोन दिवस अंगणातच जेवले. आप्पासाहेब त्यांच्या पायाशी. कोंबड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तात्या त्यांना जुने बंदोबस्त सांगत होते आणि ते कान टवकारून ऐकत होते. मीही एकदा खुर्ची जवळ ओढून म्हणालो, "तात्या, मी सहकार खात्यात अधीक्षक होतो. तेहतीस वर्षं!"

"असू द्या," तात्या मला धीर देत म्हणाले.

रविवारी निघताना ते फाटकापर्यंत चालत आले. डोळे भरले होते. म्हणाले, "पुन्हा यायचं हं, साहेब! वाट बघतो."

मी भारावून गेलो. पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "नक्की येऊ, तात्या!"

तात्यांनी हात हळूच सोडवून घेतले.

"तुमाला न्हाई म्हनलो."

मी गाडीचं मागचं दार उघडलं, आणि साहेब नीट बसेपर्यंत ते धरून उभा राहिलो.