स्फटिकाचा डोंगर

सूचौच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं कारकुनी केली, पण साहेबांना घरी चहाला बोलवावं ही अक्कल मला त्याच हिवाळ्यात सुचली. (माझी अक्कल सहसा चालत नाही. चालली की घर हलवून सोडते.)

साहेब होते लिऊ, नुकतेच उत्तरेकडून बदलून आलेले. चहा पिता पिता त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या डोंगरावर गेली. हा डोंगर म्हणजे लिहायचे कुंचले टेकवायची बैठक. तळहाताएवढा, पाच शिखरांचा, अख्ख्या स्फटिकातून कोरलेला, पाण्यासारखा स्वच्छ. माझ्या बायकोच्या, युनश्यूच्या पणजोबांचा. सासऱ्यांनी तो काळजावर दगड ठेवून लग्नात आम्हाला दिला होता.

"वा, काय सुरेख आहे!" साहेब म्हणाले.

आता आमच्याकडची रीत अशी की पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की यजमानाने "घेऊन जा" म्हणायचं. पाहुण्याने "नको" म्हणायचं. असं तीनदा झालं की वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहते. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "आवडला? मग घेऊन जा ना."

"बरं," साहेब म्हणाले, आणि डोंगर बाहीत टाकून निघाले. उत्तरेकडे ही रीत नसावी.

युनश्यूने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मला तीच शांतता भिववते. मग म्हणाली, "परवा बाबा येतायत. दारावरच्या नववर्षाच्या ओळी लिहायला. कुंचला कुठे टेकवतील ते? तुमच्या डोक्यावर?"

साहेबांकडे परत मागायची सोय नव्हती. माझी बढती त्यांच्या सहीवर अडली होती. आणि डोंगर गेल्याचं सासऱ्यांना कळलं, तर ते मला काही बोलणार नाहीत, फक्त लेकीला माहेरी घेऊन जातील, हेही मला ठाऊक होतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अंगणात तोंड धुवायला गेलो, तर रांजणातलं पाणी गोठलेलं.

चार तास मी भाजी चिरायच्या सुरीने बर्फ कोरत होतो. पाच शिखरं करायची होती, साडेचार झाली. पण ओल्या बोटाने घासल्यावर डोंगर असा काही चमकला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. युनश्यू म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हाताने केलंत, आणि तेही वितळणारं."

सासरे, चू मास्तर, आले ते कुडकुडतच. शेगडी मागितली. कोळसा संपलाय म्हटलं. खिडकी लावा म्हणाले. मोडलीय म्हटलं. गारठलेल्या हातांनी बिचाऱ्यांनी लाल कागदावर अक्षरं काढली. मी शेजारी उभा राहून टेबलावरचं पाणी बाहीने टिपत होतो. मग त्यांनी डोंगर उचलला आणि गालाला लावला.

"खरा स्फटिक असा ओळखावा," ते म्हणाले. "काच अंगाच्या उबेने लगेच कोमट होते. हा बघा, किती गार! दिल्यापासून एक दिवस असा गेला नाही की याची आठवण आली नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझं तोंड आपोआप चालतं. "बाबा, मग तुम्हीच घेऊन जा."

"छे, छे. लेकीला दिलेलं परत कसं घेऊ?"

"घ्याच."

"नको, जावईबापू."

पडद्याआडून युनश्यू हातवारे करत होती. पण रीत म्हणजे रीत. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "आमची शपथ आहे."

"शपथच घातलीत म्हटल्यावर..." असं म्हणून सासऱ्यांनी डोंगर अंगरख्याच्या आत, छातीशी धरला.

मग मात्र मी त्यांना जेवायलाही थांबू दिलं नाही. बोट चुकेल, बोट चुकेल म्हणत घाटावर पोचवलं. परत येताना शीळ घालत होतो. डोंगर त्यांचा, त्यांच्याच ताब्यात. आता त्याचं जे होईल ते त्यांच्याकडून! युनश्यूला हे समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नावाड्याने एक छोटी बरणी आणून दिली, तोंडाला लाल कागद बांधलेली. सोबत सासऱ्यांच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी:

"जावईबापू, जुने लोक म्हणत, हजार वर्षं गोठलेलं पाणी म्हणजे स्फटिक. तुमच्या डोंगराची हजार वर्षं दुसऱ्या पुलापाशीच भरली. बोटीतले लोक माझ्याकडे पाहून काय समजले ते लिहीत नाही. लेकीची वस्तू ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून अंगरखा पिळून जेवढी निघाली तेवढी परत पाठवत आहे."

युनश्यूने चिठ्ठी दोनदा वाचली. मग बरणी दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर, शाईच्या दगडाशेजारी, नीट मधोमध ठेवली.

"शाई उगाळायला घ्या," ती म्हणाली. "पण जपून. माझ्या माहेरचं आहे."