शिट्टीच्या बदल्यात कंगवा

ज्या माणसाला स्वतःच्या घरातलं नेलकटर कधी सापडलं नाही, त्याने शोधाशोधीचाच छंद लावून घ्यावा, यात दैवाची काहीतरी खोडी असणार. जावईबापूंना (सासरे राहायला आल्यापासून घरात त्यांचं हेच नाव पडलं होतं, बायकोसुद्धा चिडली की हेच म्हणायची) कपाट उघडल्यावर समोरचा टॉवेल दिसत नसे. कचेरीत ते रेकॉर्ड खोलीचे कारकून होते, आणि 'फाइल सापडत नाही' हे वाक्य त्यांच्याइतक्या खात्रीने दुसरं कोणी म्हणत नसे.

अशा माणसाला कचेरीतल्या रोखपालाने जिओकॅशिंग शिकवलं. हौशी लोक कुठेकुठे छोटे डबे लपवतात, जागेची खूण फोनवर टाकतात आणि दुसरे हौशी लोक ते हुडकून काढतात. डब्यात कागद असतो, त्यावर सही करायची. आत किरकोळ चिजा असतात. हवी ती घ्यायची, पण बदल्यात आपली एक ठेवायची. "तेवढेच पाय मोकळे होतात," रोखपाल म्हणाला.

पाय मोकळे व्हायची गरज सासऱ्यांना होती. सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. खिडकीबाहेर बघत असते तरी चाललं असतं. ते खिडकीच्या गजांकडे बघत. वाढलं तर जेवत, वाढायचं राहिलं तर मागत नसत. बायको न्हाणीघरात जाऊन रडायची आणि ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची. सासूबाईंचं नाव काढायचं नाही, असं घरात न ठरवताच ठरलं होतं. चुकून विषय निघालाच तर कोणीतरी लगेच हवेवर बोलायचं. (त्या तीन महिन्यांत उकाड्याची जेवढी चर्चा त्या घरात झाली, तेवढी वेधशाळेतही झाली नसेल.)

"येत्या रविवारी बाबांना घेऊन जातो," जावईबापूंनी जाहीर केलं.

"तुम्ही? शोधायला?" बायको म्हणाली. मग खुर्चीकडे बघून तिचा आवाज उतरला. "न्या. काही सापडलं नाही तरी चालेल, बाबांना तेवढं परत आणा."

शनिवारी सामानाची बांधाबांध झाली. टॉर्च, टॉर्चचे जादा सेल, हातमोजे, चिमटा, दोरीला बांधलेलं लोहचुंबक, दोन पेन्सिली, मलमपट्टी, रेनकोट, गुडघे टेकायला सोफ्याची उशी आणि साप निघालाच तर काठी.

"बागेत चाललाय की लढाईवर?" बायकोने विचारलं.

"तयारी असावी माणसाची," जावईबापू म्हणाले. (फोन चार्ज करायचा राहिला होता, हे त्यांना बागेच्या दारात कळलं.)

डब्यात ठेवायच्या चिजांसाठी त्यांनी स्वयंपाकघरातला अडगळीचा खण उपसला. वाकडे खिळे, संपलेले सेल, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली आणि एक काळपट शिट्टी. टाकली शिट्टी पिशवीत.

बागेत त्यांनी तासभर झुडपं झोडपली, एका माळ्याशी भांडण ओढवून घेतलं आणि शेवटी बाकावर बसलेल्या सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, जरा पाय वर घेता?" डबा बाकाखालीच होता. जावईबापूंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी सही केली, शिट्टी आत ठेवली, बदल्यात प्लॅस्टिकचा बेडूक घेतला आणि तहान लागली म्हणून पाण्याची बाटली शोधायला लागले. ती त्यांच्याच गळ्यात होती, पण ते कळेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर सासरे डबा मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी बायकोने तो खण उघडला.

"अहो, यातली आईची शिट्टी कुठे गेली?"

सासूबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या. शाळा सुटली तरी त्यांची शिट्टी सुटली नव्हती. घरात एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण आणि एक लांबलचक म्हणजे पलंगावरचा ओला टॉवेल उचला. हे सगळं जावईबापूंना माहीत होतं. शिट्टी कशी दिसते, एवढंच माहीत नव्हतं.

"असेल तिथेच. घरातली वस्तू जाते कुठे?"

"बाबांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून मीच इथे ठेवली होती. एक ना एक दिवस मागतील हो ते. तेव्हा त्यांच्या हातात काय देऊ मी?"

जावईबापूंच्या खिशात त्या वेळी एक बेडूक होता.

पुढच्या रविवारी ते जवळजवळ पळतच बागेत गेले. सासरेही पायांत चपला घालून आधीच दारात उभे होते, पण त्याचं नवल करायला जावईबापूंना सवड नव्हती. डबा उघडला. शिट्टी नव्हती. तिच्या जागी एक कंगवा होता, तोही दात पडलेला.

"कंगवा!" जावईबापू ओरडले. "अशा वस्तूच्या बदल्यात हा कंगवा ठेवणारा माणूस कसल्या काळजाचा असेल!"

"लोक काय, एकेक असतात," सासरे टकलावरून हात फिरवत म्हणाले.

घरी आल्यावर जावईबापूंनी कंगवा रागाने टेबलावर आपटला. बायकोने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, एकदा वडिलांकडे पाहिलं आणि खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. वस्तू आपोआप नाहीशा होण्याची जावईबापूंना सवय होती, म्हणून त्यांनी चौकशी केली नाही.

रोखपालाचं मत पडलं की, एका डब्यातली वस्तू उचलणारे ती पुढच्या डब्यात नेऊन ठेवतात. झालं! दर रविवारी पिशवी भरायची, सासऱ्यांना घ्यायचं आणि नवा डबा. पुलाखाली, वाचनालयाच्या मागे, बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणात. पण शिट्टी ओळखायची कशी? ती धड बघूनही ठेवलेली नव्हती. एकदा चालता चालता जावईबापूंनी धीर केला.

"बाबा, सहज विचारतो हां. सासूबाईंची शिट्टी कशाची होती?"

विचारलं आणि जीभ चावली. आता हवेवर काय बोलावं, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

"पितळेची," सासरे म्हणाले. "आत लाकडी मणी होता. ओली झाली की मणी अडकायचा, आणि रागवायची मात्र माझ्यावर."

आणि ते हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर जावईबापू दर रविवारी काही ना काही विचारत. केवढी होती, खरचटलेली होती का, आवाज कसा होता. आपण फार धूर्तपणे माहिती काढतो आहोत, असं त्यांना वाटत होतं. सासरे सांगत. सामना ऐन रंगात असताना आपण मैदानातून सायकल कशी नेली आणि एका बाईने शिट्टी मारून आपल्याला कसं बाहेर काढलं. "तिथून जो बाहेर पडलो, तो थेट लग्नातच."

आणि एका रविवारी पुलाच्या कठड्याशी थांबून म्हणाले, "शेवटी शेवटी तिच्याच्याने फुंकवत नव्हतं हो. नुसती ओठांना लावायची. मी जायचो. मला ऐकू यायची."

जावईबापूंनी तोंड फिरवलं आणि उगाचच पिशवीत चिमटा शोधला. सासूबाईंबद्दल आपल्याला इतकं वाईट वाटत होतं, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

गावात आता एकच डबा उरला होता, जुन्या पाणीटाकीमागच्या काटेरी झुडपात. जावईबापू उशी टेकून गुडघ्यांवर आत शिरले. शर्ट फाटला, कोपर सोलवटलं, पण डबा मिळाला. त्यांनी जवळचा चष्मा लावून आतली चीज न् चीज पाहिली. गोट्या, एक बटण, एक नाणं. शिट्टी नव्हती. रिवाज म्हणून सही केली, सामान आत टाकलं, झाकण लावलं आणि तिथेच काट्यांत बसून राहिले. डोळे भरून आले होते. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बाबा," ते पाठमोरेच म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय. ती शिट्टी..."

मागून शिट्टी वाजली. थोडी घोगरी, मणी अडकल्यासारखी. मग आणखी एकदा.

दोन शिट्ट्या. जावईबापू काट्यांची पर्वा न करता वळले. सासरे झुडपाबाहेर उभे होते. शिट्टी त्यांच्या ओठांत होती आणि गाल ओले होते.

"कधी... कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पहिल्याच दिवसापासून. तुम्ही बाटली शोधत होतात तेव्हा. फुकट नाही घेतली हो, कंगवा ठेवला."

"आणि मी इथे काट्यांत... अहो, मग बोलला का नाहीत?"

सासऱ्यांनी शिट्टी सदऱ्याच्या टोकाने पुसली. "घरात माझ्यासमोर कोणी तिचं नाव घेत नाही, जावईबापू. जीव लावता म्हणून घेत नाही, कळतं मला. पण मला वाटायला लागलं होतं की, ती नव्हतीच कधी. तुम्ही दर रविवारी विचारत होता. सापडली म्हटलं असतं, तर विचारणं संपलं असतं."

जावईबापूंनी सासऱ्यांचा हात धरला आणि दोघं हळूहळू घरी आले.

दारात जावईबापूंनी सगळी हकीकत सांगायला तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, "कंगवा बाबांचा आहे, हे मी बघताक्षणीच ओळखलं होतं. पण ते दुसऱ्यांदा भात मागायला लागले होते. म्हटलं, शोधू द्यावं तुम्हाला."

संध्याकाळी तिने वडिलांकडून शिट्टी मागून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोनदा वाजवली. दुसरी वाजवताना तिचा श्वास कापरा झाला, पण या वेळी नळ सोडायला ती गेली नाही. सासरे हाक ऐकून उठावं तसे उठले आणि पानावर येऊन बसले.

जावईबापू मात्र पिशवी पालथी करून बसले होते. सेल, चिमटा, लोहचुंबक, उशी, बेडूक.

"आता काय हरवलं?" बायकोने विचारलं.

"चष्मा. जवळचा. बाबा, तुम्ही पाहिलात का हो?"

"पाहिला ना," सासरे भात कालवत म्हणाले. "सही झाल्यावर तुम्ही दोन्ही पेन्सिली खिशात घातल्यात आणि चष्मा डब्यात ठेवलात."

"बाबा! मग तिथेच सांगायचं नाही का?"

सासऱ्यांनी जावयाकडे प्रेमाने पाहिलं.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी काय शोधलं असतं आपण?"